फाटकापाशी न घेतलेलं नाव

दिराच्या नातसुना नवऱ्याला नावानं हाका मारतात तेव्हा मी खोटंच कानांवर हात ठेवते. त्या हसतात. मीही हसते, पण माझ्या हसण्याच्या तळाशी मुंबई आहे.

तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची. पासलीच्या वरच्या वाडीतली. जग वाडीएवढं, तोरा मात्र तोरण्याएवढा. लग्नात लागोपाठ वीस उखाणे घेऊन बायकांना गप्प केलं होतं. पण उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मालक मुंबईला गिरणीत. एक दिवस कार्ड आलं: दवाखान्यात आहेत, बायकोला लवकर धाडा. गावचा एक गिरणीवाला परत निघाला होता, त्याच्यासोबत गेले. नसरापुरापर्यंत पायी, पुढं मोटार, मग आगगाडी. स्टेशनावरून येताना त्यानं लांबून दवाखाना दाखवला आणि मला लालबागेत आमच्या गाववाल्यांच्या खोलीवर सोडलं.

"वहिनी, गिरणीतली पाळी सुटली की नेतो. एकल्या कुठं जाऊ नका."

तो वळला तशी ही शहाणी बाहेर. गिरण्यांच्या गल्लीत बायकांच्या केसांवर कापसाची पिंज, तोंडात आपल्याच घाटावरची बोली. वाटलं, ही तर आपलीच वाडी, जरा मोठी. दवाखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता.

"कुणाला भेटायचंय? नाव सांग."

"आमच्या मालकास्नी."

"मालकाला नाव असंल का न्हाई?"

"असंल की. तुमीच वळखा," मी लाजले. हो, लाजले! नाव देवाचंच होतं, म्हणून समोरच्या देवळाच्या कळसाकडं बोट केलं.

"देवळात जायचंय व्हय? मग हितं कशाला? सरळ जा, म्होरं लई देवळं हायत."

'हितं कशाला, सरळ जा' म्हणजे यांना पुढच्या दवाखान्यात हलवलंय, असं मला वाटलं. चालत सुटले.

भेंडीबाजारात धूर, अत्तर, बुरख्यातल्या बायका. एका म्हाताऱ्या अत्तरवाल्यानं पाणी पाजलं, मालकांचं नाव विचारलं. मी मान खाली घातली. गिरगावात चाळीच्या जिन्यावर एक नऊवारीतली बाई गहू निवडत होती. "अगं, बोलता येत नसेल तर लिहून तरी दे," ती म्हणाली. लिहायला येत असतं तर ना! प्रत्येक वस्तीचा वास वेगळा, बोली वेगळी, प्रश्न तोच. आणि वीस उखाणेवाली मुकी.

रस्ता संपला तिथं समुद्र. गावच्या कानंदी नदीपलीकडं पाणी न पाहिलेल्या मला तो भातलावणीआधी तुंबलेल्या खाचरासारखा दिसला, फक्त बांध कुठंच नव्हता. वाळूत कोळणी सुकट वेचत होत्या. मी त्यांच्याकडं पाठ केली आणि पाण्याला हळूच नाव सांगितलं. काही झालं नाही. आभाळ पडलं नाही. पुन्हा सांगितलं. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला, की हे सकाळीच फाटकावर बोलायचं होतं.

परत पळाले. तीच गल्ली, तोच अत्तरवाला. कुणाकडं पाहिलं नाही. दिवस कलला होता. पहारेकरी तोच. दम लागलेला, पण नाव निसटू नये म्हणून तोंड उघडलं, तर सवयीनं उखाणाच आला:

"भाताच्या खाचराला चांदण्याची साय..."

आणि खणखणीत त्यांचं नाव. पुढं यमकाला 'पुसता काय' असतं; ते तोंडातच राहिलं. कारण पहारेकरी हसला नाही. त्यानं आत बाकड्याकडं नजर वळवली. तिथं मला घेऊन आलेला गाववाला बसला होता, मांडीवर मालकांची पैरण आणि टोपी.

"कुठं गेला व्हता, वहिनी? दुपारपातूर दाराकडंच बघत व्हता त्यो."

आयुष्य घटू नये म्हणून मी नाव गिळलं होतं. आता नातसुना विचारतात, "आजी, घ्या की एक उखाणा." मी एकोणीस उखाणे तोंडपाठ म्हणते, लाडिक मुरकेसुद्धा मारते. साईचा तेवढा म्हणत नाही.