बंडूजी, भालू पिझ्झा आणि लेकीच्या घरचं पाणी

बंडूजीसारखा नियमाचा माणूस नालवाडीत दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, बंडूजीच म्हणतात, आणि विचारलं नाही तरी म्हणतात. वांग्याची वाडी, पांढरी टोपी आणि वाढप्याचा हात दुखेपर्यंत पंगतीतून न उठणारं पोट, एवढा त्यांचा ऐवज. लेक गुंजन वर्ध्यात दिली तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की नातवंड होईस्तोवर लेकीच्या घरचा घास नाही, पाण्याचा थेंब नाही. चाल जुनीच आहे. बाकीचे बाप आजकाल चहा पिऊन गप बसतात. बंडूजी मात्र पाण्याची बाटली काखेत मारून जात आणि विहिणीसमोर बूच उघडून घटाघटा पीत.

विहीण मंदाबाई समोर गोड. पण बंडूजींची पाठ वळली की गुंजनला ऐकावं लागे, की तुझ्या बापाले आमच्या घरच्या पाण्याचा वास येते का? गुंजननं बापाच्या कानावर घातलं. बाप म्हणाला, नियम म्हणजे नियम.

मग जावई हर्षितनं 'भालू पिझ्झा' काढलं. दारात प्लास्टरचं अस्वल, आत बसायला वाघाची गुहा, वाढणाऱ्यांना शेपट्या आणि गिऱ्हाइकांना पुठ्ठ्याचे मुखवटे. सारी नालवाडी खाऊन आली. वाडीवर भाजी न्यायला येणाऱ्या बाईनंही चीज कसं ताणलं जातं हे बंडूजींना हातवारे करून दाखवलं. त्यांची झोप उडाली. एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि विचारू लागले, की हॉटेल म्हणजे काही लेकीचं घर नव्हे, नाही का? मी कशाला मोडता घालतो? म्हटलं, घर नाही, पण लोक ओळखतील. मुखवट्याची तोडही मीच काढून दिली.

गल्ल्यावर मंदाबाई. मी आत जाऊन अस्वलाचा मुखवटा आणला, बाहेरच बंडूजींच्या तोंडावर चढवला, टोपी माझ्या पिशवीत कोंबली. पुढे मी, मागे अस्वल, असे आम्ही वाघाच्या गुहेत शिरलो.

पिझ्झा आला. इथवर सगळं ठीक होतं. पण साठ वर्षांची सवय त्या हाताची! बंडूजींनी काखेतली बाटली काढली, ओंजळीत पाणी घेतलं, पिझ्झ्याभोवती गोल फिरवलं, एक तुकडा बाजूला ठेवला आणि हात जोडले. अस्वल नैवेद्य दाखवतंय हे पाहून शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरींनी मोबाइल काढले. बंडूजींना त्याचं काय! मुखवट्याखालून चीजच्या तारा सरासर वर जात होत्या.

टेबलावरून पाणी गळायला लागलं म्हणून गुंजन फडकं घेऊन आली. तिनं ते पाण्याचं कडं पाहिलं, बाटली पाहिली, मग अस्वलाकडे पाहिलं.

"बाबा, मुखवटा काढा आन् नीट खा."

तोवर मंदाबाईही गल्ला सोडून आल्या होत्या. म्हणाल्या, "इवाईबुवा, मंग चालते तं तुमाले आमच्या घरचं."

मुखवट्याआडून आवाज आला, "म्या नाई खाल्लं, इनबाई. अस्वलानं खाल्लं."

पोरी खिदळल्या. मीही हसलो असतो, पण गुंजनचा चेहरा पाहून हसू आवरलं.

"मंग त्या अस्वलाले सांगा बाबा," ती हळूच म्हणाली, "का तुमच्या नियमापायी मी इथं रोज बोलणे खाऊन राह्यली."

मंदाबाईंना एकदम गल्ल्याकडे पाहण्याचं सुचलं. मग बंडूजींनी मुखवटा वर सरकवला. मिशीला टोमॅटोची चटणी होती. बाटली त्यांनी बाजूला सारली, टेबलावरच्या जगमधलं पाणी पेल्यात ओतलं आणि मंदाबाईंच्या देखत पेला रिकामा केला.

"इनबाई, अजून एक मागवा."

आता बंडूजी पारावर बसून जुन्या खुळचट चाली कशा मोडाव्या यावर बोलतात. आष्टीच्या बाजारातही बोलून आले म्हणे. त्यांच्या बायकोनं, रुख्माबाईंनी, त्या नियमापायी लेकीच्या दारातून दर खेपेला उपाशी परत यायचं, ते मात्र त्यांच्या भाषणात येत नाही. रुख्माबाई भाषण ऐकायला थांबतही नाहीत. दर बुधवारी ऑटोत बसून लेकीकडे जेवायला जातात, आणि बंडूजींना सकाळची भाकर झाकून ठेवतात.