निबंधबाईंची आत्या आणि उणे एक

बाई कॉलेजात गणित शिकवायच्या, पण पोरं त्यांना निबंधबाई म्हणायची. कारण उघड होतं. गणितं कमी आणि लिहायचं जास्त.

"जी गोष्ट पटायला शहाण्या माणसांना शेकडो वर्षं लागली, ती तुम्हाला तासाभरात कशी पटेल? आधी भांडा तिच्याशी!" असं त्यांचं म्हणणं.

एकदा त्यांनी वर्गाला सांगितलं, शून्याहून लहान संख्या असतात हे जुन्या काळी भल्याभल्या गणितज्ञांना मान्य नव्हतं. अशा एका हट्टी पंडिताला लेखी पटवून द्या. पोरांनी सरळ पुस्तकातली व्याख्या उतरवून दिली. निबंधबाईंनी कपाळाला हात लावला आणि पुढच्या तासाला खराखुरा हट्टी पंडितच खुर्चीत आणून बसवला. स्वतःची आत्या.

आत्यांनी सगळी नोकरी चौकशीच्या खिडकीत काढलेली. 'नाही' म्हणण्यात हातखंडा.

पहिल्याने वाचलं, "आजी, थंड प्रदेशात तापमान उणे पाच असतं."

"त्याला थंडी म्हणतात. स्वेटर घालायचा. पुढचा!"

"आमचा संघ उणे सहा गुणांवर आहे."

"मग खेळता कशाला?"

पोरांना चेव चढला. लायब्ररीत जाऊन त्यांनी जुने वाद उकरून काढले, पुन्हा पुन्हा लिहिलं. आत्या ढिम्म.

शेवटी गणितात कायम गटांगळ्या खाणाऱ्या एका मुलीने एवढंच लिहिलं, "आजी, लिफ्टमध्ये शून्याच्या खालचं बटण दाबा."

आत्या तरातरा गेल्या. बराच वेळ परत येईनात, तेव्हा निबंधबाईंसकट सगळा वर्ग जिन्याने खाली धावला. तळघरात आत्यांनी गाडी काढायला आलेल्या प्राचार्यांना गाठलं होतं.

"हा मजला कितवा?"

"उणे एक," प्राचार्य रडकुंडीला आले होते.

"अशी संख्याच नसते. मग तुम्ही उभे कुठे आहात?"

प्राचार्यांनी घाबरून पायांखाली पाहिलं.

"आजी," ती मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही पण तिथेच उभ्या आहात."

आत्यांनी चपलेने फरशी दोनदा ठोकून पाहिली. "आहे बाई, आहे," त्या म्हणाल्या. "पण फार अंधारी आहे तुमची संख्या. एक बल्ब लावा."

पोरांनी असा गलका केला की प्राचार्य गाडीत बसून काचा वर करून राहिले. निबंधबाईंनी त्या मुलीला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी आत्या न बोलावता वर्गात हजर.

"उणे गुणिले उणे अधिक होतं म्हणे. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

कुणी काही न सांगताच पोरं लिहायला बसली.