थेंबाची चाहूल

माझ्या बायकोच्या मामांइतके तिखट कान ब्रह्मदेवाने दुसऱ्या कुणाला दिले असतील, असं मला वाटत नाही. हाका मारून माणसं दमली तरी त्यांना ऐकू जात नसे. पण घरात कुठे नळ ठिबकला, की मामा भरल्या ताटावरून उठत. सोलापुरात, चार दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर त्यांचा जन्म गेलेला. अमेरिकेत नेपरव्हिलला आमच्याकडे आले तेव्हाही तांदूळ धुतलेलं पाणी ते कुंडीत घालत. फोनकार्ड खरवडून सोलापूरला फोन लावला, की मामींना पहिला प्रश्न, "पाणी आलं का?" एकदा एका पार्टीतून ते तासभर गायब झाले आणि यजमानांच्या बाथरूममधला नळ दुरुस्त करून बाहेर आले. वर त्यांनाच म्हणाले, "एवढा आवाज चाललाय आणि तुम्ही गाणी कसली ऐकता?"

त्याच मुक्कामात, जानेवारीत, आमच्या मुलीचं बारसं होतं. थंडी मरणाची. किचनचा पाइप बाहेरच्या भिंतीतून येतो, तो गोठू नये म्हणून आदल्या रात्री मी नळ ठिबकत ठेवला. सकाळी बघतो तर टिपूस नाही, आणि दुपारी घरभर माणसं जेवायला येणार.

"मामा, नळ तुम्ही बंद केलात?" हिने विचारलं.

"मग? गळत होता!"

"अहो, मुद्दाम ड्रिप ठेवला होता! आता पाइप फ्रीझ झाला. बर्स्ट झाला तर?"

मामांचा चेहरा पडला. "पोरीच्या बारशाचं पाणी मी तोडलं," एवढंच म्हणाले. मी प्लंबर शोधत फोन फिरवत होतो, तोवर माकडटोपी घालून आणि हेअर ड्रायर घेऊन ते सिंकखालच्या कपाटात शिरलेसुद्धा. बाहेर फक्त पाय. "ये रे बाबा, चूक माझी, पोरीची नाही," अशी पाइपची समजूत चालली होती. मधूनच ड्रायर बंद करून ते पाइपला कान लावत. अखेर आतून हाक आली, "जावईबापू, आलं!"

नळ कोरडा ठणठणीत. "कुठे आलंय, मामा?"

"आलं म्हणतो ना! पातेलं धरा."

मी पातेलं धरलं. नळ खोकला, फुरफुरला आणि खरंच पाणी आलं. मी थक्क होऊन त्या पायांकडे बघत राहिलो.

बारसं थाटात झालं. झोपायला जाताना मामांनी स्वतःच्या हाताने नळ किंचित सोडला, पण खाली पातेलं ठेवूनच.

आता मामा नाहीत. थंडी वाढली की मी नळ ठिबकत ठेवतो, खाली तेच पातेलं. "काय आवाज तो, यार!" म्हणत ही कूस बदलते. नळ बंद करायला मात्र कधी उठत नाही.