तांड्यावरची माझी मराठी

परवा प्रशिक्षणात साहेब म्हणाले, पहिलीच्या लेकरांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोला, मराठी हळूहळू येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र दुपारचा घास गोड लागला नाही. इतकी वर्षं कुठं होता म्हणावं तुम्ही? पण साहेबांवर राग काढून काय उपयोग. चूक माझीच.

तुळजापूरकडच्या एका बंजारा तांड्यावर मी नवी शिक्षिका म्हणून गेले, तेव्हा पोरं वर्गात गोरमाटीत बोलायची. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि शिकून घ्यावं असं डोक्यातही आलं नाही. पहिलीत एक मुलगी लई हुशार होती. मुद्दाम घरी जाऊन मी तिच्या आईला सांगितलं, "हिच्याशी घरीसुद्धा मराठीच बोलत जा. पोरगी पुढं जाईल."

"बाई, आमाला कुठं येती नीट?" ती म्हणाली.

"येईल तेवढी बोला."

त्या माउलीनं माझा शब्द खाली पडू दिला नाही. आठवडी बाजारापुरती जी मराठी येत होती, तेवढ्यातच तिनं लेकीला वाढवलं. गोष्ट सांगायला, लाड करायला, धड रागवायलाही तिच्याकडं शब्द नव्हते. घरात दोघी गप्पच असायच्या. मला वाटायचं, काय वळण लावलंय पोरीला! ती निबंधात पहिली यायची आणि मिरवायचे मी. पाचवीला ती वसतिगृहात गेली, तशी खेळताना पोरांकडून उचललेली थोडीफार गोरमाटीही गेली.

पुढं माझी बदली झाली, तरी तिच्या लग्नाला मी गेले होते. बंजाऱ्यांत सासरी निघताना नवरी आईच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, रडत रडत गाऊन माहेराचा निरोप घेते. मुली तो आयांकडूनच शिकतात. हिला येत नव्हता. सगळा तांडा थांबलेला, आणि ही नुसती मुसमुसत उभी. शेवटी आईनंच तिला कवटाळलं आणि स्वतः म्हणायला लागली. इतक्या वर्षांचं पोटात राहिलेलं सगळं तिनं आपल्या भाषेत बाहेर काढलं. भोवतीच्या बायका तोंडाला पदर लावून रडत होत्या.

पोरीनं आईच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"बाई, आई काय म्हणतेय?"

दहा वर्षं काढली होती मी त्या तांड्यावर. मला सांगता आलं नाही.