घेवड्याचे नऊशे डॉलर

लॉरेट डेगलला आमच्या गावात नुसतं लॉरेट कुणी म्हणत नाही. नव्वदीच्या म्हाताऱ्यासुद्धा तिला मावशी म्हणतात, आणि मावशी स्वतः एक्याऐंशीची. सेंट-अल्बानच्या चर्चच्या तळघरात दर वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी घेवड्याचं जेवण असतं. फादर चार बदलले, तळघराची फरशी दोनदा बदलली, पण चुलीपुढची बाई तीच. पिवळ्या ठिपक्याचा सुका घेवडा गुरुवारी भिजत घालायचा, शुक्रवारी काकवी, मोहरी, कांदा आणि खारवलेल्या चरबीचा तुकडा घालून भट्टीत सारायचा, आणि शनिवार दुपारपर्यंत त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. "सारखं झाकण उघडणारीचा घेवडाही शिजत नाही आणि संसारही," असं ती म्हणते. सोबत कुट्टूच्या पिठाची घावनं. तीही मावशीच घालते, दोन तव्यांवर, आणि कुणी मदतीला आलं की हाकलून देते.

या जेवणाचे जेवढे पैसे जमतील तेवढे त्या वर्षी शाळा संपवणाऱ्या एका मुलाला कॉलेजसाठी द्यायचे. ही मावशीचीच कल्पना. तिने स्वतः सहावीत शाळा सोडली आणि बटाट्याच्या शेतात टोपली उचलली. आमच्या खोऱ्यात घरोघरी फ्रेंच, शाळा मात्र इंग्रजी; फ्रेंच बोललं म्हणून मास्तरणीने पट्टी मारली तेवढंच तिचं इंग्रजीचं शिक्षण. दुकानात भाव विचारण्यापुरतं तिला इंग्रजी येतं, आणि भाव जास्त असला तर शिव्या ती फ्रेंचमध्ये देते.

मी जॅकी सीर. गावातल्या पोस्टाच्या खिडकीमागे बावीस वर्षं बसले आहे. कुणाला कुठून काय येतं ते मला कळतं आणि मी ते बोलत नाही. लोक हा माझा मोठा गुण मानतात. तो गुण किती सडका निघाला ते मला सांगायचं आहे.

अठ्ठ्याऐंशी साली, पहिल्याच वर्षी, जेवणाचे पैसे मावशीच्याच मुलाला मिळाले. रेनाल्ड वर्गात पहिला होता, तेव्हा कुणी कुजबुजलंही नाही. नऊशे डॉलर जमले. दक्षिणेतल्या एका कॉलेजने त्याला बरीच मदत देऊ केली होती, अडत होतं ते नऊशेवरच. मावशीने चेकवर सही करताना जीभ दाताखाली धरली होती, शाळेतल्या पोरीसारखी.

ऑक्टोबरमध्ये बटाटे काढणीच्या सुट्टीला रेनाल्ड घरी आला तो सामानाची पेटी घेऊनच. म्हणाला, फी भरली गेली नाही, काढून टाकलं. मावशीने विचारलं, नऊशे कुठे गेले? त्याने कॉलेजचा कागद दाखवला. इंग्रजीत होता. त्यानेच अर्थ सांगितला. तुम्हाला बाहेरून नऊशेची मदत मिळाली असल्याने आमची मदत आम्ही नऊशेने कमी करत आहोत. म्हणजे गावाचे नऊशे भरूनही नऊशे कमीच.

मावशीला हे पटेना. पटणार तरी कसं? आमच्याकडे कुणाचं घर जळलं तर जेवण घालतात. डब्यात वीस पडले की शेजारी लाजेने वीस टाकतो, मग फादर पन्नास टाकतात. एकाने दिलं म्हणून दुसऱ्याने आपलं काढून घेतलं, असं या खोऱ्यात कुणी पाहिलेलं नाही. "कॉलेजात सगळी शिकलेली, देवाला मानणारी माणसं आहेत," ती म्हणाली. "ती गरिबाच्या ताटातला घास मोजून काढून घेतील? दारूत घातलेस का पोरीत घातलेस तेवढं सांग."

रेनाल्डने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. बापाचा हट्टीपणा त्याच्यात पुरेपूर उतरलेला.

पुढच्या मे महिन्यात जेवणाला सगळं गाव जमलं असताना मावशी हात पुसत पुढे आली. वर्षभर म्हाताऱ्यांच्या आश्रमात चादरी धुऊन साठवलेले नऊशे डॉलर तिने डब्यात टाकले आणि मोठ्याने म्हणाली, "हे माझ्या मुलाने गावाचे खाल्ले होते. फिटले." रेनाल्ड जिन्याशी उभा होता, खुर्च्यांची थप्पी हातात घेऊन. मी तिथेच होते, सोळा वर्षांची. त्याने खुर्च्या नीट भिंतीला लावल्या आणि वर निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो कनेटिकटला गेला. आमच्याकडची निम्मी माणसं तिकडेच असतात, कारखान्यांत. नाताळचं कार्ड येत राहिलं. तो आला नाही.

नव्वद साली पैसे मला मिळाले. एक हजार चाळीस. त्या उन्हाळ्यात मला दोन पत्रं आली. पहिलं रेनाल्डचं. लिहिलं होतं, "जॅकी, तुझेही कापतील. कापले की कागद घेऊन आईकडे जा. तू सांगितलंस तर तिला पटेल. मी तिचा मुलगा, म्हणून मी खोटा." दुसरं कॉलेजचं. कापले होते.

मी कागद घेऊन गेले, खरंच गेले. मावशी घावन घालत होती. मला बघून तिने ताटली पुढे केली, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि म्हणाली, "तू तरी शिक हं पोरी. रेनाल्डसारखं माझं नाक कापू नकोस." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी घावन खाल्लं. कागद खिशातच राहिला.

का नाही सांगितलं? मी स्वतःला म्हणाले, तिने मुलाला काय केलं हे तिला कळलं तर ती मरेल. हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की उद्या मलाही जिन्याशी उभं करून कुणी चोर म्हटलं तर, ही भीती होती. मी बँकेचं कर्ज काढलं, दोन वर्षं रेटलं, आणि परत येऊन पोस्टात लागले. मावशीला आभाराचं कार्ड मात्र पाठवलं. सुंदर अक्षरात.

मग बघितलं तर सगळ्यांनीच तसंच केलं होतं. दर वर्षी एक पोर, दर वर्षी एक कार्ड. मावशीने ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओळीने चिकटवलेली. पेलतिएच्या जुळ्यांपैकी एकीने एकदा दारू पिऊन मला विचारलं, "तुझेही कापले होते?" मी मान हलवली. मग आम्ही दोघी हसलो. हसलो, याची मला आज शिसारी येते. अख्ख्या गावाने घेवडा खाल्ला आणि त्याच्या पोरांनी मूग गिळले.

तोवर दिवस वाईट आले होते. कागदाच्या गिरणीने आधी एक पाळी बंद केली, मग दुसरी. राजधानीत दर जानेवारीत नवा किंवा जुना गव्हर्नर उभा राहून सांगायचा, राज्याची तिजोरी अडचणीत आहे, पण पैशावाचून एकाही मुलाचं कॉलेज अडणार नाही. मावशी रेडिओला उत्तर द्यायची. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार रे बाबा?" आणि जेवणाच्या तिकिटावर एक डॉलर वाढवायची. "सरकारला जमत नाही ना, मग आपला घेवडा आहे." सांधे सुजलेल्या हातांनी ती ते मडकं उचलायची, आणि मी तिकिटं विकायची. हो, तिकिटं विकायला मीच बसायची.

या वर्षी पाळी आली तिच्या नातीची. एलीज, मावशीच्या मुलीची, क्लोदेतची पोरगी. क्लोदेत त्याच म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते. राज्याने अनुदान कापल्यापासून तिचे तास निम्मे झालेत. एलीजला नर्सिंगला जायचं होतं, आणि अडलं होतं तेवीसशेवर. मावशीने दोन मडकी जास्त लावली. ज्यांची नोकरी गेली तेही दोनदोन ताटं घेऊन गेले. तेवीसशे दहा जमले. मावशी तळघरातच खुर्चीवर बसली आणि अॅप्रन तोंडावर घेऊन रडली. म्हणाली, घरात एकदा लागलेला डाग धुतला गेला.

जूनच्या शेवटी कॉलेजचं पत्र आलं. पाकीट हातात घेताच मला कळलं. एलीजने ते खिडकीशीच फोडलं.

"जॅकीमावशी, हे काय? आजीचे पैसे मिळाले म्हणून यांनी आपले कमी केले?"

"हं."

"मग मी परत तेवीसशेवरच?" तिने कागद उलटा करून बघितला. "जाऊ दे, आजीला विचारते. इतक्या पोरांचं केलंय तिने. यावर काय करतात ते तिला माहीतच असेल."

तिला थांबवता आलं असतं. खोटं काहीतरी सांगता आलं असतं, तेवढी सवय मला होती. मी खिडकी बंद केली, पाटी लावली आणि तिच्याबरोबर गेले.

मावशी मटार सोलत होती. एलीजने कागद टेबलावर ठेवला आणि सरळ विचारलं, "आजी, हे पैसे कापतात तेव्हा आधीच्या पोरांनी काय केलं?"

"कसले कापतात?"

एलीजने वाचलं, फ्रेंचमध्ये सांगितलं.

"परत सांग. हळू."

तिने परत सांगितलं. मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती माझ्याकडे वळली. "ही इंग्रजी चुकतेय का गं?"

"नाही मावशी."

"मग हे नवीन काढलं असेल. सरकारकडे पैसा नाही, म्हणून यंदा नवीन काढलं असेल. हो ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. तिला तेच हवं होतं, आणि मलाही.

"नवीन नाही, मावशी."

"तुझे?"

"कापले होते."

ती उठली. भिंतीशी गेली आणि एकेका कार्डावर बोट ठेवत गेली. "पेलतिएच्या पोरीचे?" हो. "हा मिशोचा?" हो. "ही?" मला माहीत नाही, मावशी. "हा?" हो. बोट मागे मागे जात पहिल्या कार्डापाशी थांबलं. ते एकोणनव्वदचं होतं. त्याच्या आधी, अठ्ठ्याऐंशीच्या जागी, नुसती भिंत होती.

"लाव त्याला फोन," ती एलीजला म्हणाली.

एलीजने मोबाइलवर मामाचा नंबर लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"कोण गेलं?" रेनाल्डने उचलताच विचारलं. आमच्याकडून त्याला फोन कुणी गेलं तरच जायचा.

"कुणी नाही गेलं रे. आई बोलतेय." तिने दोन्ही हातांनी टेबल धरलं होतं. "तू खरं बोलला होतास. नऊशेचं. एलीजचेही कापले."

पलीकडे कसलंसं यंत्र चालू होतं. ते बंद झाल्याचं ऐकू आलं.

"मी तुला गावासमोर चोर केलं," मावशी म्हणाली.

"राहू दे आई. पंचवीस वर्षं झाली."

"मला कुणी सांगितलंच नाही रे! एकाही मेल्याने तोंड उघडलं नाही. आज कळतंय मला, आज!"

"आज?" तो म्हणाला. "जॅकीने नव्हतं सांगितलं? नव्वद साली मी तिला लिहिलं होतं, आईला सांग म्हणून. फोन वाजला की वाटायचं, तूच असशील. दोन वर्षं वाटत होतं." त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला. "मग मी धरून चाललो, की जॅकीने सांगितलं आणि तरी तुला पटलं नाही. म्हणून आलो नाही, आई."

मावशीने माझ्याकडे बघितलं नाही. ती फोनवर वाकून बराच वेळ नुसतं "बाळा, बाळा" म्हणत राहिली, आणि तो चव्वेचाळीस वर्षांचा माणूस पलीकडे रडत होता. एलीज माझ्याकडे बघत होती. मी पोस्टाची किल्ली मुठीत धरून उभी होते, आणि जमीन दुभंगली तर बरं, असं मला खरोखर वाटत होतं.

एलीज कॉलेजला गेली नाही. ती बटाट्याच्या फ्राइजच्या कारखान्यात लागली आहे. पुढच्या वर्षी जाईन म्हणते. आम्हीही तसंच म्हणायचो. तेवीसशे दहाचा चेक परत आला. मावशीने तो डब्यात ठेवला, आणि मे महिन्यात जेवण होणार की नाही हे विचारायची गावात कुणाची छाती नाही. रेनाल्ड सुट्टी मिळाली की येणार आहे. अजून मिळालेली नाही.

फोननंतर चार दिवसांनी मावशी पोस्टात आली. कनेटिकटचं जाडसर पाकीट होतं. पत्ता तिने स्वतः लिहिला होता, अक्षरं मोठी आणि वाकडी. मला वाटलं, शिव्या देईल. शिव्या ऐकायच्या म्हणून मी चार दिवस झोपले नव्हते. मला बोलायला शिकवलं ते या बाईने, माझी आई गिरणीत असायची तेव्हा. उभ्या आयुष्यात तिने मला 'अगं' आणि 'तू' याशिवाय हाक मारलेली नाही.

तिने पाकीट खिडकीतून पुढे सरकवलं आणि पैसे मोजून शेजारी ठेवले.

"एक तिकीट द्या," ती म्हणाली. "तुमच्याकडे पोचपावतीची सोय असेल तर तीही द्या."