तुरटी फिरवलेला नमुना

चंद्रपुरातल्या एका प्रयोगशाळेसाठी मी पाण्याचे नमुने गोळा करायचो. म्हणजे नदीवर जायचं, बाटली भरायची, चिठ्ठी चिकटवायची. एवढ्यावर लोक मला साहेब म्हणत आणि मी म्हणू द्यायचो.

नदीकाठच्या एका मासेमार ढिवरभाऊंची तक्रार आली. त्यांच्या मागूर माशांना रॉकेलसारखा वास येत होता. सिंदेवाहीच्या बाजारात गिऱ्हाईक टोपलीपाशी यायचं, नाक मुरडायचं आणि पुढे जायचं. "रिपोर्टात येऊ द्या साहेब," भाऊ म्हणाले. "मंग तरी वरचा कारखाना आमचं आयकन. नाईतर धंदा बसला आमचा."

काठाला गुडघाभर चिखल होता आणि माझे बूट नवे होते. भाऊंच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "तुमी बसा, मी आणून देतो पानी." मी बसलो. दोनदा चहा झाला. मग पाण्याचा गुंड, म्हणजे कळशी आली, तिच्यातून मी ऐटीत बाटली भरली.

रिपोर्ट आला: पाणी निर्दोष. कारखान्यानं त्याची झेरॉक्स फाटकावर डकवली. तक्रार बंद.

रिपोर्टाची प्रत द्यायला मीच गेलो. वहिनींना आनंद झाला. "चांगला येनारच ना! साहेबलोकाले गढूळ पानी कसं द्याचं? पदरानं गाळलं, वरून तुरटी फिरवली."

घ्या! हे तेलकट विष पाण्यात विरघळतच नाही, बारीक गाळाला चिकटून तळाशी बसतं. तळचा चिखल चिवडणाऱ्या मागुराच्या चरबीत जाऊन मुरतं. हे मला तोंडपाठ होतं, परीक्षेत त्यावर शाबासकीही मिळाली होती. डोंबल माझं! वहिनींनी पाहुणचार केला, आणि मी पढतमूर्खानं पुरावाच गाळून घेतला. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प बसलो.

भाऊ रिपोर्ट उलटासुलटा करत होते. "पानी चांगलं हाय, मंग मासा काऊन वासते?"

मला उत्तर येत होतं. दिलं नाही, त्याची लाज आजही वाटते.

वहिनींनी मागुराचा रस्सा आणि भात वाढला. वाफेबरोबर तोच वास आला.

"आज उपास आहे माझा," मी म्हणालो.

"बुधवारचा?" भाऊंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझं ताट आपल्याकडे ओढलं. "आमाले कुठी उपास परवडते," म्हणाले आणि जेवायला लागले.