बायकांच्या बाजूचा रेझिस्टर

आमच्या गावच्या मठात श्रावणभर पुराण असतं आणि त्याचं साउंड माझ्या वडिलांचं, अप्पांचं असतं. पुराणाच्या आधी तासभर कन्नड संतांच्या वचनांचं रेकॉर्डिंग लावतात. पूर्वी त्यासाठी सीडी असायची, मग पेनड्राइव्ह आला, आता लॅपटॉप आहे. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे एक डबी असते, कन्व्हर्टर. लॅपटॉपमध्ये आकड्यांत साठवलेला आवाज ती स्पीकरकडे पाठवता येईल असा करते. ती डबी हैदराबादहून मागवलेल्या किटमधून मीच जोडलेली. अप्पांनी ती वापरायला घेतली, पण कोणी जोडली हे कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

मठात उजवीकडे पुरुष बसतात, डावीकडे बायका. अप्पांनी डबीचा उजवा चॅनेल पुरुषांकडच्या स्पीकरला दिलेला आणि डावा बायकांकडच्या. पुरुषांच्या डोक्यावर दगडी छत आहे, बायकांच्या डोक्यावर पत्रा.

गेल्या श्रावणात मी पहिल्यांदाच आत्याशेजारी बसून सगळं वचन ऐकलं. प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कानात सुईसारखा शिरत होता. आत्यानं पदर कानावर ओढला. तिच्या पलीकडच्या दोघींचेही पदर कानावरच होते.

“रोज असंच असतं?” मी विचारलं.

“तर काय. म्हणून तर चपलांपाशी बसायलेय. इथं जरा कमी टोचतंय.”

“अप्पांना सांगितलं नाहीस?”

“त्याला कुठं ऐकू येतंय तिकडं.”

वर्षभर ते माझ्या डोक्यात राहिलं. डबी माझी होती, म्हणजे सुईही माझीच होती.

दरम्यान घरात माझं पुढे काय, ते ठरत होतं. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेऊन मी अप्पांच्या दुकानात मागच्या टेबलावर बसते, हे अप्पांना लोकांसमोर सांगायला जड जातं. त्यांनी सरळ सांगून टाकलं, “हा श्रावण बघू. पुराणात तुझ्या डबीनं खुट्ट जरी केलं, तर टेबल आवरायचं आणि बीदरला बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा.” शहाण्या मुलीनं अशा वेळी डबीला हात लावला नसता.

मी डबी उघडली.

कन्व्हर्टरच्या शेवटी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर असतो. दोघं मिळून गाळणीचं काम करतात. ऐकू येणारा आवाज पुढे जातो, त्याच्या वरची गजबज अडते. किटवाल्यानं तिथे चारशे सत्तर ओहमचा रेझिस्टर दिला होता. त्यामुळे गाळणीची भोकं एवढी मोठी झाली होती की दीड लाख हर्ट्झपर्यंतचं सगळं खाली उतरत होतं. माणसाच्या कानाला ते कळत नाही. पण आमच्या जुन्या अॅम्प्लिफायरला ते पचत नाही, आणि तो ते ‘स’ आणि ‘श’वर ओकतो. माझ्या हातात मावणाऱ्या जुन्या स्कोपच्या पडद्यावर आवाजाची रेघ लोकरीसारखी केसाळ दिसत होती. कपॅसिटर तांदळाच्या कणीएवढा, बोर्डाला चिकटलेला. त्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती. बदलायचा होता तो रेझिस्टर.

दुकानात अप्पांच्या आधीपासूनचे एक मेकॅनिक आहेत. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांची रीत अशी की कुठलाही बदल करायचा तो एकाच चॅनेलमध्ये, दुसरा आठवडाभर जुना ठेवायचा, म्हणजे ताडून बघता येतं. मी ती रीत पाळली. डावा चॅनेल निवडला. कामून, हे कुणाला सांगितलं नाही.

हिशेब करून तीन हजार तीनशे ओहम काढला. कागदावर गाळणी बावीस हजार हर्ट्झला बसत होती, म्हणजे कानाच्या मर्यादेच्या जरा वर. सोल्डरचा डाग देऊन डबी मिक्सरला जोडली, तर डावीकडचा आवाज खाली बसला.

“हे काय करायलीस बेटी?” उस्ताद हसले. “आवाजाला ताप आलाय का? कॉलेजात आवाज मारायलाच शिकवलेत वाटतं.”

माझं उत्तर नेहमी इंग्रजीत तयार होतं, आणि ते मराठीत येऊन तोंडापर्यंत पोचेस्तोवर समोरचा चहा प्यायला गेलेला असतो.

चूक माझीच होती. मी डबीचा हिशेब केला, मिक्सरचा केलाच नाही. मिक्सरच्या तोंडाशी दहा हजार ओहम असतात. माझा रेझिस्टर आणि तो, दोघं आवाज वाटून घेतात. तेरा हजार तीनशेतले दहा हजार मिक्सरला, उरलेला माझ्या रेझिस्टरमध्ये जिरला. शिवाय मिक्सर जोडला की गाळणीही कागदावरच्या जागी राहत नाही, वर सरकते. मग पुन्हा बसले. एक हजार ओहम लावला तर आवाज जवळपास पूर्ण येत होता, पण रेघ केसाळच राहिली. दोन हजार दोनशेला आवाजाचे पाचातले चार भाग उरत होते, गाळणी चाळीस हजारांच्या आसपास बसत होती, आणि रेघेवरचे केस बरेचसे गळाले होते. पाचवा भाग मिक्सरच्या नॉबनं भरून काढता आला असता. दोन हजार दोनशे ठरला.

उस्तादांच्या डब्यात जुन्या टीव्हींतून काढलेले रेझिस्टर असतात. किती ओहमचा ते अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं, तरी मी एकेक मीटरवर लावू लागले.

“पट्ट्या बघ की. मीटर कामून लावायलीस?”

“पट्ट्या कारखान्यात मारलेल्या असतात, उस्ताद. त्यानंतर ते वीस वर्षं टीव्हीत तापलेत.”

उस्तादांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. मग आपला मीटर पुढे सरकवला. “माझा बरोबर दाखवतोय. तुझा नक्को.”

श्रावणाच्या पहिल्या दिवशी दुपारी मठात जोडणी झाली. वचन लावलं. मठाच्या कमिटीतले एक अण्णा पुरुषांच्या सतरंजीवर उभे होते. ते ओरडले, “ओ साउंडवाले, बायकांकडं आवाज पडलाय की!”

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. “काय केलीस?”

“रेझिस्टर बदलला. डाव्या बाजूचा.”

“कुणाला विचारून?”

मी मिक्सरवरची वायर सरळ केली.

“जुना लाव. आत्ता.”

“न्हाई लावणार.”

एवढ्या माणसांत मी अप्पांना असं कधी बोलले नव्हते. पण बोलून झालं होतं, म्हणून पुढचंही बोलले. “इथं उभं राहून कळणार नाही. तिकडं जाऊन बसा.”

अण्णा हसले. “बायकांत बसायला सांगायलीय बापाला!”

“बायका अजून आल्या न्हाईत, अण्णा.”

“तीस वर्षं हेच काम करायलोय मी,” अप्पा म्हणाले.

“तीस वर्षं उजवीकडूनच ऐकलंत.”

उस्ताद वायर गुंडाळत होते, त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, टेबल गेलं. पण आत्या लवकर येऊन आपली जागा धरून बसली होती. तिनं तिथूनच हाक मारली, “ये की रे, बस. किती वेळ उभारतोस?” अप्पा गेले. पत्र्याखाली, चपलांपाशी, मांडी घालून बसले.

मी मिक्सरच्या दोन पिनांची अदलाबदल केली, म्हणजे जुना चॅनेल बायकांकडं गेला. पहिल्याच ‘श’ला अप्पांचा एक डोळा मिटला. पिना पुन्हा बदलल्या. तीच ओळ नव्या रेझिस्टरमधून वाजवली. पुन्हा जुनी. पुन्हा नवी.

“आवाज कमी हाय,” ते म्हणाले.

मी डावा नॉब जरासा फिरवला. “आता?”

ते उठले, धोतर झटकलं आणि अण्णांना म्हणाले, “ठीक हाय.”

संध्याकाळी पुराणाला गर्दी झाली. आत्या सवयीनं मागंच बसली, पण पदर खांद्यावरच राहिला.

तिसऱ्या दिवशी दुकानात मी डबी पुन्हा उघडली, आता उजव्या चॅनेलसाठी.

“ती बाजू बरी हाय की,” अप्पा म्हणाले.

“बरी न्हाई. दगडाच्या छतामुळं टोचत न्हाई, एवढंच.”

“आठवडा तरी होऊ दे,” उस्ताद म्हणाले.

“नको.”

अप्पा काउंटरवरून म्हणाले, “बीदरच्या क्लासवाल्याचा फोन आलता. कधीपासून येतीय म्हणून विचारायलाय.”

“येत न्हाई म्हणून सांगा.”

त्यांनी मोबाइल हातात घेतला. मी सोल्डरिंगची इस्त्री तापायला ठेवली आणि उस्तादांच्या डब्यातून दोन हजार दोनशेचे रेझिस्टर निवडू लागले. चार सापडले. मीटरवर चौथा डाव्या बाजूच्या रेझिस्टरच्या सगळ्यात जवळचा निघाला. तोपर्यंत अप्पा फोनवर बोलू लागले होते, कन्नडमध्ये, माझ्याकडे पाठ करून. “इल्ला, येत न्हाई,” ते म्हणाले, “ती दुकानात बसती.”